तासाच्या रेषेत थांबलेली करपण : निफाड तालुक्यातलं सोयाबीन, मचूळ पाणी आणि एक मोडलेलं जनुक

"ताई, सोयाबीनची पानं कडेनं करपायला लागलीत. फोटो टाकलाय, बघा जरा."

शेतकरी आप्पांचा हा फोन मला आला तेव्हा ऑगस्ट २०२३ अर्धा सरला होता. त्या वर्षी पाऊस आधीच उशिरा आला होता आणि ऑगस्टात तर त्याने पाठच फिरवली. देशभराचा हिशेब धरला तर १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट नोंदलेला नाही. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात जुलैत पेरलेली सोयाबीन फुलावर येत होती आणि ज्याच्या विहिरीला पाणी होतं तो रात्री-अपरात्री मोटर चालू करून पीक जगवत होता.

फोटोत खालची, जुनी पानं दिसत होती. कडा पिवळ्या पडलेल्या, टोकाकडे तपकिरी, मधला भाग हिरवा. मी फोटोवरूनच सांगितलं, "पोटॅश कमी पडलंय." पोटॅशच्या कमतरतेची लक्षणं पुस्तकात अशीच दिलेली असतात. आप्पांनी एकरी एक गोणी म्युरेट ऑफ पोटॅश टाकलं आणि वर विहिरीचं पाणी दिलं. नवव्या दिवशी पुन्हा फोन आला. करपण वर सरकली होती, पानं गळायला लागली होती.

तो सल्ला माझा होता आणि चुकीचा होता. तो का चुकला, हे पुढे कळत गेलं. या प्रकरणातला सगळ्यात उपयोगाचा भाग तोच आहे, म्हणून लिहिते आहे.

वावर दीड एकराचं, काळं, भारी. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी-कादवाच्या संगमावरचा बंधारा शंभराहून अधिक वर्षांचा आहे. तिथून निघणाऱ्या पाटांनी या भागाला ऊस दिला, द्राक्षं दिली, पैसा दिला. त्याच पाटांच्या पाझराने खालच्या अंगाची काही रानं मात्र हळूहळू पाणथळ केली. जमिनीतलं पाणी वर चढतं, उन्हाळ्यात उडून जातं आणि त्यातलं मीठ वर राहतं. आप्पांच्या वावराचा खालचा तिसरा हिस्सा चैत्र-वैशाखात पांढरा दिसतो. त्यावरून चाललं की पायाखाली खरखरतं. वरच्या दोन हिश्शांत असं काही नाही.

मी पोचले तेव्हा आप्पा बांधावर उभे होते. करपलेला भाग खालच्या अंगालाच होता, त्यात नवल नव्हतं. नवल दुसऱ्याच गोष्टीचं होतं. करपलेलं रान उत्तरेकडे सरकत सरकत एका जागी अचानक संपत होतं, आणि त्यापुढचे बारा तास, म्हणजे पेरणीच्या बारा ओळी, हिरव्यागार होत्या. दोन्हींमधली सीमा दोरी लावल्यासारखी सरळ. एका तासातली पानं कागदासारखी वाळलेली, शेजारच्या तासात पान न् पान जागेवर.

क्षार तासाच्या रेषेत चालत नाही. रोगही चालत नाही. पिवळा मोझॅक असता तर पांढरी माशी बसेल तिथे, विखरून दिसला असता. लोहाची कमतरता असती तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली असती आणि शिरा हिरव्या राहिल्या असत्या. इतकी सरळ रेष माणूसच ओढतो, तीही पेरताना. मी विचारलं, "आप्पा, इथे काय बदललं?"

"काही नाही. विकतची पिशवी कमी पडली. शेवटचे बारा तास घरचं बियाणं टाकलं. सासऱ्यांकडून आणलेलं जुनं वाण आहे, दरवर्षी थोडं राखतो."

तास वरून खाली, उताराच्या दिशेने पेरलेले होते. म्हणजे दोन्ही वाणं वरच्या चांगल्या रानातूनही गेली होती आणि खालच्या खाऱ्या रानातूनही. वर दोन्ही हिरवी. खाली एक करपलेलं, एक साबूत. माती तीच, पाणी तेच, खत तेच, पेरणीचा दिवस तोच. एखाद्या संशोधन केंद्रात मुद्दाम मांडावा तसा प्रयोग या वावरात बियाण्याच्या टंचाईने मांडला होता.

दोन्ही वाणांची नावं मी इथे मुद्दाम देत नाही. एका वावरावरून कुठल्याही बियाण्याला बोल लावणं किंवा डोक्यावर घेणं बरोबर होणार नाही.

मग तपासण्या सुरू झाल्या. आप्पांकडे मातीचा जुना अहवाल होता. सामू (पीएच) ८.३, विद्युत वाहकता, म्हणजे मातीतल्या क्षारांचं माप, १.८ डेसीसायमन प्रति मीटर आणि पुढे शेरा 'मध्यम'. या एका शब्दाने त्यांना तीन वर्षं निर्धास्त ठेवलं होतं. इथे जरा थांबायला हवं, कारण ही गल्लत आपल्याकडे घरोघरी होते. आपल्या बहुतेक प्रयोगशाळा १०० ग्रॅम मातीला २५० मिलि पाणी या प्रमाणात ढवळून वाहकता मोजतात. पिकाने किती क्षार सोसावेत याचे जगभर वापरले जाणारे आकडे मात्र संपृक्त अर्काचे आहेत, म्हणजे माती जेमतेम चिखलासारखी होईल इतकंच पाणी घालून काढलेल्या अर्काचे. आप्पांच्या काळ्या मातीला त्यासाठी १०० ग्रॅमला साधारण ७५ मिलि पाणी लागलं. तिप्पट पाण्यात ढवळलेलं मीठ तिप्पट फिकट दिसणारच. संपृक्त अर्कात त्याच मातीची वाहकता ६ डेसीसायमन प्रति मीटर निघाली. सोयाबीनची मर्यादा ५ धरतात, आणि त्यापुढे दर एका एककाला उत्पादन सुमारे २० टक्क्यांनी घटतं असा सरासरी हिशेब आहे. अहवालात 'मध्यम' लिहिलेलं रान सोयाबीनची मर्यादा केव्हाच ओलांडून गेलं होतं.

विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेलं सोडियम, १५ टक्क्यांच्या बरंच खाली होतं, सामूही ८.५ च्या आत. म्हणजे जमीन क्षारयुक्त, पण चोपण (सोडियमने बिघडलेली) नव्हे. शेजाऱ्यांनी जिप्सम टाकायला सांगितलं होतं, ते थांबवलं. जिप्समचं काम चोपण जमिनीतला सोडियम हुसकून लावण्याचं. इथे हवा होता पाण्याचा निचरा.

खरा उलगडा पानांच्या तपासणीत झाला. दोन्ही बाजूंची, त्याच उंचीची पानं वाळवून तपासायला दिली. पोटॅश दोन्हीकडे पुरेसं. बेसाल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत पोटॅश मुळातच भरपूर असतं, हे मला फोटो बघताना आठवायला हवं होतं. फरक निघाला क्लोराईडमध्ये. करपलेल्या पानांत ते हिरव्या पानांच्या पाचपटीहून जास्त होतं.

म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. त्यात वजनाने सुमारे ४७ टक्के क्लोराईड असतं. ५० किलोच्या गोणीतून एकराला २३ किलोच्या आसपास क्लोराईड गेलं होतं. क्लोराईडने तडफडणाऱ्या पिकाला मी आणखी क्लोराईड पाजायला सांगितलं होतं. अमेरिकेच्या जॉर्जिया भागात १९८० च्या दशकात सोयाबीनवर नेमकी अशीच करपण आली होती आणि तिथेही पोटॅश खतातल्या क्लोराईडचा हात निघाला होता.

पण सगळा दोष गोणीचा नव्हता. विहिरीच्या पाण्यात लिटरला ३५० मिलिग्रॅम क्लोराईड निघालं. पाणी तोंडात मचूळ लागतं, पण गुरं पितात, म्हणून कुणी मनावर घेत नाही. एकरभर रानावर दोन इंच पाणी म्हणजे दोन लाख लिटर. त्याबरोबर ७० किलो क्लोराईड आलं. पावसाच्या खंडात आप्पांनी अशा दोन पाळ्या दिल्या होत्या, म्हणजे १४० किलो. वरून पाऊस नाही, त्यामुळे धुऊन जायला वाव नाही. गोणीने फक्त दुष्काळात तेरावा महिना आणला.

मग तेवढंच क्लोराईड पायाशी असताना घरच्या वाणाच्या पानांत ते चढलं का नाही?

या प्रश्नाचं उत्तर साठ वर्षांपूर्वीपासून हळूहळू उलगडत आलं आहे. अमेरिकेत एबल या संशोधकाने सोयाबीनच्या वाणांचे दोन गट पाडले. एक गट क्लोराईड पानांत येऊ देणारा, दुसरा त्याला अडवणारा. 'ली' हे वाण अडवणाऱ्यांत, 'जॅक्सन' येऊ देणाऱ्यांत. १९६९ साली त्याने अशा वाणांच्या संकराचा हिशेब मांडला. पहिल्या पिढीतली सगळी झाडं अडवणारी. दुसऱ्या पिढीत तीन अडवणारी, एक येऊ देणारं. मेंडेलच्या वाटाण्यासारखं तीनास एक. म्हणजे हा गुण एकाच मुख्य जनुकाने ठरतो आणि 'अडवणं' प्रभावी आहे. त्या जनुकाला त्याने एनसीएल असं नाव दिलं.

उत्पादन, उंची, पक्वतेचे दिवस या गुणांमागे जनुकांची मोठी जत्रा असते. खार सोसण्यासारख्या गुंतागुंतीच्या वाटणाऱ्या गुणाचा एवढा मोठा हिस्सा एका जनुकाच्या हातात असावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

२००४ साली 'एस-१००' आणि 'टोकियो' या वाणांच्या संकरातून त्या जनुकाचा पत्ता कळला, सोयाबीनच्या तिसऱ्या गुणसूत्रावर. 'एस-१००' हा 'ली'चा पूर्वज, हे ध्यानात घेतलं की दुवा जुळतो. २०१४ मध्ये चीनमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे नेमकं जनुक शोधून काढलं. एकाने 'तिएफेंग ८' या लागवडीच्या वाणातून, दुसऱ्याने रानटी सोयाबीनमधून. २०१६ मध्ये ब्राझीलच्या एका वाणावर काम करणाऱ्या तिसऱ्या गटानेही तिथेच बोट ठेवलं. म्हणून त्याला तीन नावं पडली आहेत, जीएमसॉल्ट३, जीएमसीएचएक्स१ आणि एनसीएल. जनुक एकच. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या आतल्या पडद्यात बसतं आणि आयनांची ने-आण करणाऱ्या प्रथिनांच्या कुळातलं आहे. मुळांत ते अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या लगतच्या पेशींत सापडतं, म्हणजे वर काय जाऊ द्यायचं याच्या ऐन नाक्यावर.

खार न सोसणाऱ्या वाणांत हे जनुक नसतं असं नाही. ते असतं, पण मोडलेलं. चिनी गटांनी तपासलेल्या वाणांत त्याच्या मधोमध सुमारे ३,८०० अक्षरांचा एक परका तुकडा घुसलेला सापडला. स्वतःची नक्कल करून गुणसूत्रावर दुसरीकडे चिकटणारे असे तुकडे वनस्पतींत पुष्कळ असतात. हा नेमका या जनुकात येऊन बसला आणि प्रथिन अर्धवट राहिलं. गोड्या जमिनीत त्याने काहीच बिघडलं नाही. पीक तितकंच यायचं, म्हणून निवड करताना कुणाच्या डोळ्यांत ते भरलंही नाही. चीनमध्ये पाहिलं तर शाबूत जनुकाची वाणं खाऱ्या पट्ट्यांत जास्त आढळतात आणि मोडलेली इतरत्र. शेतकऱ्याच्या हातून पिढ्यान् पिढ्या झालेली ही निवड आहे.

हे सगळं मी आप्पांना त्यांच्या ओसरीवर सांगत होते. द्राक्षबागायतदार माणूस, डॉगरिज या जातीच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलाच्या मुळावर कलम करून, बाग उभी केलेला. ते चटकन म्हणाले, "म्हणजे खुंटासारखंच की. मूळ अडवतं, वरच्याला त्रास नाही."

मीही 'हो' म्हणून गेले. घरी येऊन पुन्हा वाचल्यावर कळलं की गोष्ट तितकी सरळ नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात शाबूत जनुकाच्या आणि मोडलेल्या जनुकाच्या सोयाबीनची एकमेकांवर कलमं केली होती. सोडियम पानांत न येऊ देण्याचं काम मुळाकडून होतं, हे आप्पांच्या म्हणण्यासारखंच निघालं. क्लोराईडचं मात्र उलट. ते रोखणं वरच्या भागातल्या जनुकावर अवलंबून निघालं. द्राक्षात काही खुंट क्लोराईड मुळातच अडवतात, सोयाबीनमध्ये त्याचा बंदोबस्त खोडापानांकडे आहे. दुसऱ्या दिवशी फोन करून आप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग सोयाबीनला खुंट बांधून भागायचं नाही म्हणा." बरोबर आहे. बियाणंच तसं असायला लागतं.

पण घरच्या बियाण्यात ते जनुक शाबूत आहे, हे कशावरून? डीएनए चाचणीने कळतं, एका दाण्यावरूनही कळतं. आमच्या हाताशी त्या वेळी ती सोय नव्हती. ऑक्टोबरात काढणी झाल्यावर आप्पांच्या ओसरीवर आम्ही गरिबाची चाचणी लावली. प्लास्टिकचे ग्लास, तळाला भोकं, धुतलेली वाळू. दोन्ही वाणांची दहा-दहा रोपं आणि साध्या पाण्यावर दोन-दोन. पहिलं त्रिदल पान उघडल्यावर ग्लास मिठाच्या पाण्यात ठेवले, लिटरला सुमारे ६ ग्रॅम मीठ. वाण चाळण्यासाठी संशोधक साधारण एवढंच वापरतात. दोन आठवड्यांत विकतच्या वाणाची दहाही रोपं पिवळी पडून करपली. घरच्या वाणाची नऊ हिरवी राहिली, एक करपलं. साध्या पाण्यावरची चारही ठीक.

ते एक करपलेलं रोप पाहून आप्पा हिरमुसले. मला मात्र त्यातच भरवसा वाटला. सोयाबीन स्वपरागी आहे, म्हणजे फूल स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून घरचं बियाणं राखता येतं. पण मळणी यंत्रात, खळ्यावर, पोत्यांत भेसळ होतेच. दहात एक परकं निघणं म्हणजे चाचणी खरं बोलते आहे.

काढणीला आम्ही खालच्या हिश्शातल्या दोन्ही बाजूंच्या बारा-बारा तासांची सोयाबीन वेगळी मळून तोलली होती. घरच्या वाणाची जितकी भरली, त्याच्या निम्मीही विकतच्याची भरली नाही, आणि दाणा बारीक, सुरकुतलेला. वरच्या गोड्या रानात मात्र विकतचं वाण थोडं पुढेच होतं. हे लिहिणं भाग आहे, नाहीतर कुणी उद्या सगळंच विकतचं बियाणं सोडून देईल.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. खालच्या हिश्शात उगवण दोन्ही वाणांची विरळच होती. हिरव्या बारा तासांतही हातभर मोकळ्या जागा होत्या. याचंही कारण ठाऊक आहे. उगवताना खार सोसणं आणि वाढताना खार सोसणं हे सोयाबीनमध्ये वेगवेगळे गुण आहेत, हे १९६४ मध्येच दाखवलं गेलं होतं. पुढे २०१६ साली या जनुकाखेरीज बाकी सगळ्यात जवळपास सारख्या असलेल्या वाणांची तुलना झाली. त्यात शाबूत जनुकाने खाऱ्या शेतात फायदा दिला, गोड्या जमिनीत त्याचा तोटा दिसला नाही. मात्र रोपाचा सुरुवातीचा जोम त्याने वाढला नाही. आप्पांच्या वावरात अगदी हाच क्रम दिसला होता. सुरुवातीला दोन्हीकडे रोपं विरळ, आणि फरक पडला तो पुढे, पानं भरल्यावर.

म्हणून पुढची कामं बियाण्यावर थांबली नाहीत. बुजलेला चर जेसीबीने पुन्हा खोल काढला आणि शेजारच्याशी बोलून तो ओढ्यापर्यंत नेला. यात सगळ्यात जास्त वेळ बोलण्यात गेला. खालच्या हिश्शात म्युरेट बंद. पोटॅश द्यायचंच झालं तर सल्फेट ऑफ पोटॅश. विहिरीचं पाणी नुसतं द्यायचं नाही, पाटाचं आवर्तन असेल तेव्हा त्यात मिसळून. आणि फुलावर असताना भेसळीची झाडं उपटून बारा तासांचं बियाणं वेगळं राखायचं.

माझी तळमळ आहे ती बियाण्याच्या पिशवीबद्दल. पिशवीवर उगवणक्षमता छापलेली असते, सोयाबीनला किमान ७० टक्के. शुद्धता असते, चाचणीची तारीख असते. ज्या गुणावर आप्पांच्या खालच्या हिश्शाचं अख्खं पीक टिकलं किंवा गेलं, त्याबद्दल एक अक्षर नसतं. तो गुण एका जनुकाचा आहे, दाण्यावरून ओळखता येतो आणि पुनर्संकराने, म्हणजे पुन्हा पुन्हा संकर करून, चांगल्या वाणात उतरवता येतो. इंदूरची राष्ट्रीय संस्था, पुण्याचं आघारकर, राहुरी विद्यापीठाचं कसबे डिग्रज केंद्र अशी सोयाबीनवर वर्षानुवर्षं काम केलेली ठिकाणं आपल्याकडे आहेत. गोदाकाठचा, कृष्णाकाठचा शेतकरी बियाणं घ्यायला जातो तेव्हा 'हे क्लोराईड अडवणारं आहे' किंवा 'नाही' एवढं एक वाक्य त्याला पिशवीवर वाचता आलं पाहिजे.

२०२४ च्या जूनमध्ये आप्पांनी पेरणीची दिशा बदलली. तास आडवे घेतले, वर विकतचं वाण, खाली घरचं. पाऊस भरपूर झाला, विहिरीचं पाणी द्यायची वेळच आली नाही आणि खालची पानं कुठेच करपली नाहीत. तेवढ्यावरून जनुकाला श्रेय देता येणार नाही, त्या वर्षी मीठ पावसानेच धुतलं. चर मात्र वाहता राहिला. आप्पांनी विकतच्या वाणाच्या दोन ओंजळी मुद्दाम खालच्या अंगालाही टाकल्या होत्या, खुंटी रोवून. म्हणाले, "खंड पडला की कळेल. तोवर खुंटी राहू द्या."

खुंटी अजून आहे.